एअर हीटरचे डिझाइन: उष्णता संक्रमणाच्या विश्लेषणातून

विषय: उष्णता संक्रमण (यंत्र अभियांत्रिकी, पदवी अभ्यासक्रम)

या पाठातून काय शिकायचे

१. बॉयलरच्या नळीदार एअर हीटरसाठी लागणारे क्षेत्रफळ काढणे.
२. एकूण औष्णिक रोधात कोणाचा वाटा किती, हे ओळखणे.
३. नळीच्या भिंतीचे तापमान काढणे आणि डिझाइन टिकेल की नाही, ते त्यावरून ठरवणे.

पूर्वतयारी म्हणून वहन व अभिसरणाची मूलभूत समीकरणे, रेनॉल्ड्स, नुसेल्ट व प्रांट्ल अंक आणि लॉग सरासरी तापमान फरक (पुढे 'एलएमटीडी') एवढे माहीत असावे.

१. हवा तापवायची कशासाठी?

भिलाईसारख्या गावात या प्रश्नाचे उत्तर शोधायला लांब जावे लागत नाही. भिलाई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी फेब्रुवारी १९५९ मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. आज तिथे ४०६० घनमीटर आकारमानाची 'महामाया' ही आठव्या क्रमांकाची भट्टी आहे. अशा प्रत्येक भट्टीशेजारी घुमटाकार माथ्याचे उंच उभे दंडगोल दिसतात. ते स्टोव्ह म्हणजे हवा तापवण्याचीच यंत्रे. आतल्या विटांची जाळी आधी जळत्या वायूने तापवायची आणि नंतर तिच्यातून हवा सोडायची. मोठ्या भट्ट्यांत हवा अशा रीतीने १००० ते १२०० अंशांपर्यंत तापवून आत फुंकतात. गरम झोताची कल्पना स्कॉटलंडच्या जेम्स नीलसन यांनी १८२८ मध्ये पेटंट केली आणि विटांचा स्टोव्ह एडवर्ड कूपर यांनी १८५७ मध्ये.

वीजकेंद्रातही तेच तत्त्व आहे, फक्त तापमान कमी. बॉयलरच्या इकॉनॉमायझरमधून बाहेर पडणारा फ्ल्यू गॅस अजून ३०० अंशांच्या आसपास असतो. तो तसाच चिमणीतून सोडणे म्हणजे विकत घेतलेला कोळसा आकाशात सोडणे. एअर हीटर ती उष्णता ज्वलनाच्या हवेला देतो. त्यामुळे ज्वाला स्थिर राहते, कोळसा लवकर पेट घेतो आणि चक्कीत दळल्या जाणाऱ्या ओल्या कोळशाला वाळवायला गरम हवा मिळते. ढोबळ नियम असा की फ्ल्यू गॅस २० ते २२ अंशांनी थंड केला की बॉयलरची कार्यक्षमता सुमारे १ टक्क्याने वाढते.

एअर हीटरचे दोन मुख्य प्रकार आहेत.

*पुनर्जनक:* धातूचे पत्रे किंवा विटा आळीपाळीने गॅस आणि हवेच्या संपर्कात येतात. झोतभट्टीचा स्टोव्ह या जातीचा. मोठ्या वीजकेंद्रांत दिसणारा, मिनिटाला एक-दोन फेरे घेणारा प्रचंड चक्राकार एअर हीटरही याच जातीचा. तो स्वीडनच्या फ्रेडरिक युंगस्ट्रॉम यांच्या नावाने ओळखला जातो.

*नळीदार:* गॅस नळ्यांच्या आत, हवा बाहेर, मध्ये धातूची भिंत. लहान व मध्यम बॉयलरमध्ये हा सोयीचा. फिरता भाग नसतो आणि नळी शाबूत आहे तोवर गळती नसते.

आपण नळीदार हीटरचे डिझाइन करू. तो शिकायला सोपा आहे आणि त्यात एक असा मुद्दा दडलेला आहे, जो नुसते क्षेत्रफळ काढून थांबणाऱ्याच्या हातातून निसटतो.

२. दिलेली माहिती

पुढील आकडे उदाहरणासाठी घेतले आहेत. ते कोणत्याही विशिष्ट बॉयलरचे नाहीत.

- फ्ल्यू गॅसचा प्रवाह: २५ किग्रॅ/सेकंद, आत येताना ३०० अंश से.
- हवेचा प्रवाह: २१ किग्रॅ/सेकंद, आत येताना ३५ अंश, बाहेर जाताना २०० अंश हवी
- विशिष्ट उष्णता: गॅस १.०९, हवा १.०१ किलोज्यूल/किग्रॅ·अंश
- नळी: साध्या पोलादाची, बाहेरचा व्यास ५१ मिमी, जाडी २ मिमी, आतला व्यास ४७ मिमी
- कोळसा: आपल्याकडचा नेहमीचा, म्हणजे राख भरपूर आणि गंधक १ टक्क्याच्या आत

गॅस नळ्यांच्या आतून वरून खाली आणि हवा बाहेरून आडवी, अशी मांडणी का? राखेमुळे. राखेने भरलेला गॅस नळ्यांच्या गर्दीत आडवा सोडला तर राख नळ्यांच्या मागच्या बाजूला साचते आणि पुढच्या बाजूला धातू खरवडते. सरळ उभ्या नळीतून ती वेगाने खाली निघून जाते.

३. पायरी पहिली: उष्णता भार

उष्णता भार = हवेचा प्रवाह × विशिष्ट उष्णता × तापमानवाढ
= २१ × १.०१ × (२०० − ३५) = ३५०० किलोवॅट

एवढी उष्णता गॅसने दिली पाहिजे:

गॅसच्या तापमानातील घट = ३५०० ÷ (२५ × १.०९) = १२८ अंश

म्हणून गॅस १७२ अंशांना बाहेर पडेल. या ३५०० किलोवॅटचा अर्थ रुपयांत समजून घ्या. कोळशाची उष्णता किलोला ४००० किलोकॅलरी, म्हणजे १६.७ मेगाज्यूल धरली, तर ताशी सुमारे पाऊण टन कोळसा वाचतो.

४. पायरी दुसरी: सरासरी तापमान फरक

प्रतिप्रवाह गृहीत धरून:

गरम टोकाला फरक = ३०० − २०० = १०० अंश
थंड टोकाला फरक = १७२ − ३५ = १३७ अंश
एलएमटीडी = (१३७ − १००) ÷ लॉग(१३७/१००) = सुमारे ११७ अंश (लॉग नैसर्गिक घ्यावा)

आपला प्रवाह मात्र शुद्ध प्रतिप्रवाह नाही. हवा आडवी जाते. म्हणून दुरुस्ती गुणांक लागतो. हवा एकदाच आडवी गेली तर तो सुमारे ०.८६ येतो. हवेला खालच्या भागातून एकदा नेऊन, वळवून, वरच्या भागातून पुन्हा नेले, म्हणजे दोन फेरे केले, तर ०.९२ आणि तीन फेरे केले तर ०.९४. दुसऱ्या फेऱ्याचा फायदा मोठा, तिसऱ्याचा नाममात्र. पण प्रत्येक वळणावर पंख्याचा दाब खर्च होतो. आपण दोन फेरे घेऊ.

प्रभावी तापमान फरक = ११७ × ०.९२ = सुमारे १०८ अंश

५. पायरी तिसरी: गॅसच्या बाजूचा गुणांक

आधी गॅसचा वेग ठरवावा लागतो. वेग वाढवला की उष्णता संक्रमण सुधारते, पण राखेने होणारी झीज वेगाच्या साधारण तिसऱ्या घाताने वाढते. वेग २० टक्के वाढवला तर गुणांक १६ टक्के सुधारतो, घर्षणामुळे होणारी दाबातील घट सुमारे ४० टक्के वाढते आणि झीज ७० टक्क्यांहून अधिक. म्हणून राखाड कोळशासाठी आपण १२ मीटर/सेकंदावर थांबू.

गॅसचे सरासरी तापमान २३६ अंश. या तापमानाला घनता ०.७० किग्रॅ/घ.मी., श्यानता ०.००००२६ पास्कल·सेकंद, उष्णता वाहकता ०.०४० वॅट/मी·अंश, प्रांट्ल अंक ०.७१.

घनफळ प्रवाह = २५ ÷ ०.७० = ३५.७ घ.मी./सेकंद
एका नळीचे छिद्र = ०.००१७३५ चौ.मी.
नळ्यांची संख्या = ३५.७ ÷ (१२ × ०.००१७३५) = सुमारे १७१५

हवेच्या प्रवाहाला आडव्या दिशेत ४९ आणि प्रवाहाच्या दिशेत ३५ ओळी घेतल्या की ४९ × ३५ = १७१५ नळ्या नेमक्या बसतात.

रेनॉल्ड्स अंक = ०.७० × १२ × ०.०४७ ÷ ०.००००२६ = १५,२००

प्रवाह संक्षुब्ध आहे, म्हणून डिट्टस-बोल्टर समीकरण चालेल (^ म्हणजे घात, गॅस थंड होत आहे म्हणून प्रांट्ल अंकाचा घात ०.३):

नुसेल्ट अंक = ०.०२३ × (१५,२००)^०.८ × (०.७१)^०.३ = ४६
गॅसच्या बाजूचा गुणांक = ४६ × ०.०४० ÷ ०.०४७ = ३९ वॅट/चौ.मी.·अंश

गॅसमधील कार्बन डायऑक्साइड आणि वाफ थोडी उष्णता प्रारणानेही देतात. या तापमानाला ती कमी असते; आपण ती सोडून देऊ. चूक झालीच तर सुरक्षित बाजूला होईल.

६. पायरी चौथी: हवेच्या बाजूचा गुणांक

नळ्या एकाआड एक सरकवून मांडू. प्रवाहाला आडवे अंतर ७७ मिमी, प्रवाहाच्या दिशेत ६६ मिमी (दोन्ही मध्यापासून मध्यापर्यंत). दोन नळ्यांमधली मोकळी फट ७७ − ५१ = २६ मिमी.

इथे एक अडचण येते. हवेचा वेग काढायला नळीची उंची लागते आणि उंची तर आपल्याला शोधायची आहे. उपाय नेहमीचाच: अंदाज घ्या, गणित करा, शेवटी ताडून पाहा. अंदाज म्हणून एकूण उंची ६ मीटर, प्रत्येक फेऱ्याला ३ मीटर घेऊ.

मोकळे क्षेत्र = ४९ × ०.०२६ × ३ = ३.८२ चौ.मी.

हवेचे सरासरी तापमान ११७ अंश, घनता ०.९०५, श्यानता ०.००००२२६, उष्णता वाहकता ०.०३२८, प्रांट्ल अंक ०.७०.

फटीतील वेग = २१ ÷ (०.९०५ × ३.८२) = ६.१ मी/सेकंद
रेनॉल्ड्स अंक = सुमारे १२,४००

एकाआड एक मांडलेल्या नळ्यांसाठी झुकाउस्कास यांचे समीकरण:

नुसेल्ट अंक = ०.३५ × (७७/६६)^०.२ × (१२,४००)^०.६ × (०.७०)^०.३६ = ९१
हवेच्या बाजूचा गुणांक = ९१ × ०.०३२८ ÷ ०.०५१ = ५८ वॅट/चौ.मी.·अंश

७. पायरी पाचवी: रोधांची बेरीज

उष्णतेला गॅसपासून हवेपर्यंत जाताना एकामागून एक पाच अडथळे ओलांडावे लागतात. एकसर जोडणीतील विद्युत रोधांसारखी त्यांची बेरीज होते. सर्व रोध बाहेरच्या पृष्ठभागावर आधारून घेऊ. म्हणून आतल्या बाजूच्या रोधांना ५१/४७ ने गुणले आहे. राखेच्या थराचा रोध ०.००३ आणि हवेच्या बाजूच्या धुळीचा ०.०००४ गृहीत धरला आहे.

| अडथळा | रोध (चौ.मी.·अंश/वॅट) | वाटा |
|---|---|---|
| गॅसचा पापुद्रा | ०.०२७७५ | ५७ टक्के |
| नळीतील राखेचा थर | ०.००३२६ | ७ टक्के |
| नळीची भिंत | ०.००००५ | ०.१ टक्का |
| बाहेरची धूळ | ०.०००४० | १ टक्का |
| हवेचा पापुद्रा | ०.०१७१५ | ३५ टक्के |
| एकूण | ०.०४८६ | १०० टक्के |

एकूण उष्णता संक्रमण गुणांक = १ ÷ ०.०४८६ = २०.६ वॅट/चौ.मी.·अंश

हा तक्ता नीट पाहा. दरवर्षी वर्गात कोणीतरी विचारते, 'सर, नळ्या तांब्याच्या केल्या तर?' तांब्याची वाहकता साध्या पोलादाच्या जवळजवळ नऊपट आहे. पण भिंतीचा एकूण वाटाच एक-दशांश टक्का आहे. तो शून्य केला तरी हीटर जिथल्या तिथे राहील. सगळा अडथळा भिंतीच्या दोन्ही बाजूंना चिकटलेल्या वायूच्या पातळ पापुद्र्यांत आहे. म्हणून वायू-वायू हीटरमध्ये धातू निवडताना वाहकता हा निकष नसतो. गंजाला तो किती टिकतो, हा असतो. हे वाक्य लक्षात ठेवा, दहाव्या परिच्छेदात त्याची गरज पडेल.

८. पायरी सहावी: क्षेत्रफळ आणि दाबातील घट

क्षेत्रफळ = ३५,००,००० ÷ (२०.६ × १०८) = सुमारे १५७५ चौ.मी.

एका मीटर उंचीला १७१५ नळ्यांचे बाहेरचे क्षेत्रफळ २७५ चौ.मी. येते.

लागणारी उंची = १५७५ ÷ २७५ = ५.७ मीटर

आपला अंदाज ६ मीटर होता. म्हणजे सुमारे ५ टक्के राखीव क्षेत्र शिल्लक आहे. अंदाज जुळला, पुन्हा गणित नको. तो ४ किंवा ८ मीटर निघाला असता, तर नव्या उंचीने पायरी चौथीपासून परत यावे लागले असते.

नळीतील दाबाची घट पाहू. घर्षण गुणांक ०.०२६८, टोकांचे नुकसान वेगशीर्षाच्या दीडपट धरले, तर

घट = (०.०२६८ × ६ ÷ ०.०४७ + १.५) × (०.७० × १२ × १२ ÷ २) = सुमारे २५० पास्कल

म्हणजे २५ मिमी पाण्याचा स्तंभ. हवेच्या बाजूला दोन फेऱ्यांत मिळून ७० ओळी ओलांडाव्या लागतात. प्रति ओळ गुणांक ०.४५ धरला तर वळणासकट घट साधारण ५५० पास्कल. दोन्ही पंख्यांवरचा जादा भार मिळून ३० किलोवॅटच्या आत राहतो. ३५०० किलोवॅट उष्णतेसाठी ही किंमत रास्त आहे.

परीक्षेतले उत्तर इथे संपते. खरे डिझाइन मात्र अजून बाकी आहे.

९. पायरी सातवी: भिंतीचे तापमान

कोळशातील गंधक जळून सल्फर डायऑक्साइड होतो. त्यातला थोडा भाग सल्फर ट्रायऑक्साइड बनतो आणि तो गॅसमधील वाफेशी मिळून सल्फ्युरिक आम्ल होते. दशलक्ष भागांत मोजके भाग ट्रायऑक्साइड असले, तरी या आम्लाचा दवबिंदू १२० अंशांच्या आसपास जातो. निव्वळ पाण्याचा दवबिंदू बराच खाली असतो: गॅसमध्ये घनफळाने ८ ते १० टक्के वाफ असेल तर ४२ ते ४६ अंश.

गंज गॅसच्या तापमानाने ठरत नाही, गॅसला स्पर्श करणाऱ्या धातूच्या तापमानाने ठरतो. गॅस १७२ अंशांना आहे म्हणून निर्धास्त राहता येत नाही. धातू किती अंशांना आहे? रोधांचा तक्ता त्याचेही उत्तर देतो. एकसर रोधांमध्ये विभवांतर जसे रोधांच्या प्रमाणात वाटले जाते, तसाच तापमानाचा फरक वाटला जातो:

भिंतीचे तापमान = हवेचे तापमान + (गॅस − हवा) × (हवेच्या बाजूचा रोध ÷ एकूण रोध)

थंड टोकाला:

= ३५ + (१७२ − ३५) × (०.०१७५५ ÷ ०.०४८६) = ३५ + १३७ × ०.३६ = ८५ अंश

भिंत गॅसच्या नव्हे, हवेच्या तापमानाच्या जवळ आहे, कारण मोठा रोध गॅसच्या बाजूला आहे. आणि ती आम्ल दवबिंदूच्या खाली आहे. मग हे डिझाइन बाद का? नाही. गंधक कमी असेल तर आम्ल थोडेच जमते आणि आपल्या कोळशाच्या भरपूर राखेतील अल्कधर्मी घटक त्यातले बरेच शोषून घेतात. म्हणून कमी गंधकाच्या कोळशासाठी थंड टोकाचा धातू ७० अंशांच्या आसपासपर्यंत खाली येऊ देण्याची व्यवहारात मुभा घेतात. पाण्याच्या दवबिंदूजवळ मात्र कधीच जाऊ नये. तिथे ओली राख चिखलासारखी चिकटते, नळी तुंबते आणि गंजाचा वेग झपाट्याने वाढतो.

आता हाच हीटर वर्षभर चालवून पाहू. भिलाईत मे महिन्यात दुपारी ४५ अंश आणि जानेवारीच्या पहाटे १० अंशांच्या आसपास हवा असते. पूर्ण भारावर हीटरची परिणामकता, म्हणजे हवेची तापमानवाढ भागिले आत येणाऱ्या गॅस व हवेच्या तापमानांतील फरक, ०.६२३ आहे, ती ऋतूनुसार फारशी बदलत नाही. रात्री विजेची मागणी घटली आणि बॉयलर अर्ध्या भारावर आला तर दोन्ही प्रवाह निम्मे होतात. तेव्हा गॅस २६० अंशांना आत येतो असे धरू. गॅसचा गुणांक वेगाच्या ०.८ व्या आणि हवेचा ०.६ व्या घाताने घटतो. सगळे गणित पुन्हा केले की परिणामकता ०.६८ आणि हवेच्या बाजूच्या रोधाचा वाटा ०.३४ येतो.

| स्थिती | आत येणारी हवा | बाहेर पडणारा गॅस | भिंत (थंड टोक) |
|---|---|---|---|
| डिझाइन, पूर्ण भार | ३५ | १७२ | ८५ |
| मे दुपार, पूर्ण भार | ४५ | १७६ | ९२ |
| जानेवारी पहाट, पूर्ण भार | १० | १५९ | ६४ |
| जानेवारी पहाट, अर्धा भार | १० | १२८ | ५० |

(तापमान अंश सेल्सिअसमध्ये)

शेवटची ओळ पाहा. क्षेत्रफळ बरोबर, राखीव जागा आहे, दाबाची घट माफक. आणि तरीही हा हीटर हिवाळ्यातल्या प्रत्येक रात्री पाण्याच्या दवबिंदूपासून अवघ्या चार-आठ अंशांवर उभा आहे. शिवाय हे सरासरी गणित आहे. हवा जिथे पहिल्यांदा शिरते त्या ओळीतल्या नळ्यांना सतत सर्वांत थंड हवा लागते, त्यामुळे त्यांच्यातला गॅस सरासरीपेक्षा जास्त थंड होतो. तो खालचा कोपरा ५० अंशांच्याही खाली असतो. नळीदार हीटरची पहिली भोके म्हणूनच तिथे पडतात.

एक विरोधाभास ध्यानात घ्या. वरवर पाहता अर्ध्या भारावर हीटर 'जास्त चांगला' चालतो: परिणामकता वाढते, गॅस आणखी थंड होतो. जास्त उष्णता परत मिळवणे आणि नळी वाचवणे, ही दोन उद्दिष्टे एका मर्यादेनंतर एकमेकांच्या आड येतात. म्हणून 'वाढीव क्षेत्रफळ कधी वाया जात नाही' हा समज एअर हीटरला लागू नाही.

१०. उपाय कोणते?

*वाफेची कॉइल.* एअर हीटरच्या आधी वाफेच्या नळ्यांवरून हवा नेऊन थोडी कोमट करायची. अर्ध्या भारावर १० अंशांची हवा ४५ पर्यंत नेली, तर वरच्याच सूत्राने गॅस १४६ अंशांना बाहेर पडतो आणि भिंत ७९ अंशांवर येते. खर्च किती? १०.५ × १.०१ × ३५ = ३७१ किलोवॅट, म्हणजे कमी दाबाची सुमारे ६०० किलो वाफ दर ताशी. यातली सगळी वाया जात नाही. सुमारे १२० किलोवॅट जास्त गरम हवेच्या रूपाने भट्टीत परततात, उरलेली २५० चिमणीतून जातात. नळ्या टिकवण्याचा हा विमा समजा. आणि हप्ता फक्त थंड रात्रींपुरताच भरायचा.

*हवेचा वळसा.* भार कमी असताना काही हवा हीटर टाळून थेट पुढे नेणे. हवेच्या बाजूचा वेग घटतो, तिचा रोध वाढतो, भिंत गॅसच्या तापमानाकडे सरकते. वाफ लागत नाही, पण भट्टीला कमी गरम हवा मिळते.

*बदलता येणारा खालचा भाग.* हीटर एकसंध ६ मीटरचा न करता खालचा मीटर-दीड मीटरचा ठोकळा वेगळा करायचा. गंजला की तेवढाच बदलायचा. त्या भागासाठी गंजरोधक मिश्र पोलाद किंवा काचेचा लेप दिलेल्या नळ्या वापरता येतात. लेपाची उष्णता वाहकता कमी असते, पण भिंतीचा रोध एकूण रोधाच्या एक-दशांश टक्का आहे, हे आपण पाहिलेच. तो दहापट झाला तरी एक टक्का! सातव्या परिच्छेदातला निष्कर्ष इथे कामाला आला.

वरच्या टोकाचीही काळजी हवी. गॅस नळीत शिरताना आकुंचन पावतो आणि पहिल्या वीतभर लांबीत राख भिंतीवर आपटते. तिथे बदलता येणाऱ्या छोट्या बाह्या बसवतात. कारखान्यात त्यांना फेरूल म्हणतात.

११. चालत्या हीटरवर लक्ष कसे ठेवायचे?

हवेच्या बाजूला दाब असतो आणि गॅसच्या बाजूला ओढ, म्हणून नळीला भोक पडले की हवा गॅसमध्ये शिरते. बाहेरून काहीच दिसत नाही. उलट, थंड हवा मिसळल्याने गॅसचे बाहेरचे तापमान उतरते आणि हीटर उत्तम चालला आहे असा भास होतो. खरी परीक्षा ऑक्सिजनची: हीटरच्या आधी आणि नंतर गॅसमधील ऑक्सिजन मोजा. नंतरचे प्रमाण वाढत चालले असेल तर नळ्या फुटल्या आहेत. त्याच वेळी ओढ पंख्याचा विद्युत प्रवाहही वाढलेला दिसेल. उलटपक्षी ऑक्सिजन तेवढाच पण गॅसच्या बाजूची दाबातील घट वाढत असेल, तर नळ्या तुंबत आहेत. प्रकल्पभेटीला जाल तेव्हा नियंत्रण कक्षात हे आकडे शोधा आणि आपल्या गणिताशी ताडून पाहा.

१२. सारांश

- उष्णता भार, तापमान फरक आणि एकूण गुणांक यांवरून क्षेत्रफळ मिळते. पण ते डिझाइनचे अर्धेच काम आहे.
- वायू-वायू हीटरमध्ये रोध वायूच्या पापुद्र्यांत असतो. धातूची निवड वाहकतेवर नव्हे, टिकाऊपणावर करावी.
- तोच रोधांचा तक्ता भिंतीचे तापमानही सांगतो. ते सर्वांत थंड हवा आणि सर्वांत कमी भार या जोडीसाठी तपासावे, सरासरी दिवसासाठी नव्हे.
- जास्तीत जास्त उष्णता परत मिळवणे हे ध्येय नाही. नळी टिकेल इतकीच मिळवणे हे ध्येय आहे.

१३. स्वाध्याय

१. गॅसचा वेग १२ ऐवजी १० मी/सेकंद ठेवला तर किती नळ्या लागतील आणि गॅसच्या बाजूचा गुणांक किती होईल? (उत्तर: सुमारे २०६०; ३४ वॅट/चौ.मी.·अंश)

२. राखेच्या थराचा रोध ०.००३ वरून ०.००६ झाला. एकूण गुणांक किती टक्के घटेल? भिंतीचे तापमान वाढेल की उतरेल? (उत्तर: सुमारे ६ टक्के, गॅस व हवेची तापमाने तीच धरल्यास भिंत ८५ वरून ८१ अंशांवर उतरेल. म्हणजे साचलेली राख गंजालाही मदत करते.)

३. हवेच्या बाजूला पंख लावले तर क्षेत्रफळ वाचेल का? थंड टोकाच्या भिंतीवर काय परिणाम होईल? रोधांच्या वाट्यावरून उत्तर द्या.

४. पोलाद कारखान्यातील बॉयलरमध्ये कोळशाबरोबर झोतभट्टीचा वायूही जाळतात. या वायूची उष्णता फार कमी असल्याने तेवढ्याच वाफेसाठी फ्ल्यू गॅसचे प्रमाण वाढते. गॅसचा प्रवाह ३० किग्रॅ/सेकंद झाला आणि हवा तेवढीच राहिली, तर नळीतील वेग, गॅसचे बाहेरचे तापमान आणि थंड टोकाची भिंत कोणत्या दिशेने बदलतील? आधी तर्काने सांगा, मग गणित करा.

५. तुमच्या गावातले जानेवारीतले किमान तापमान घेऊन नवव्या परिच्छेदातील तक्ता पुन्हा तयार करा. रत्नागिरीत आणि नागपुरात एकाच डिझाइनचा हीटर चालेल का?